कर्जाची बेडी आणि गोदावरी परुळेकर

विसाव्या शतकाचा हिशेब मांडताना दोन महायुद्धे, स्वातंत्र्य, फाळणी आणि राज्यांची पुनर्रचना या घटना ठळक अक्षरांत नोंदल्या जातात. माणसाच्या श्रमावर मालकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर ज्या घटनांनी बदलले त्या मात्र बहुधा समासात राहतात. अशी एक घटना वसईच्या उत्तरेस, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला १९४५ साली घडली. तिचे श्रेय हजारो अनाम वारल्यांचे आहे. परंतु त्यांच्या धैर्याला संघटनेचे रूप देणाऱ्यांत गोदावरी परुळेकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात, नामांकित वकील लक्ष्मणराव गोखले यांच्या सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचा अभ्यास करून त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या. महाराष्ट्रात हा मान मिळविणारी ही पहिली स्त्री. सत्याग्रहात कारावास भोगल्यावर त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. साक्षरता प्रसार आणि मुंबईतील घरकामगारांची संघटना अशी कामे करताना दयाबुद्धीच्या सेवेची मर्यादा त्यांना जाणवू लागली. १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी विवाह झाला, दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेली आणि युद्धकाळात दोघांनाही तुरुंग घडला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास भरलेल्या किसान सभेच्या परिषदेसाठी प्रचार करीत असताना डहाणू-उंबरगावच्या आदिवासी मुलुखाशी त्यांचा संबंध आला आणि पुढे तोच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

त्या मुलुखातील गुलामगिरीचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकातच सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या होत्या. पावसाळ्यात पोटासाठी काढलेली खावटी पीक निघताच दीडपट-दुपटीने फेडावी लागे. लग्नासाठी थोडे रुपये घेतले की तो तरुण लग्नगडी होई. तो आणि त्याची बायको मालकाच्या दारी राबत, कर्ज मात्र फिटत नसे. कर्जाची वही मालकाच्या हाती आणि ऋणको निरक्षर, अशा व्यवहारात व्याजाचा दर हा प्रश्नच उरत नाही. बाजारात श्रमाला मोल असते. येथे श्रम बाजारात येण्यापूर्वीच गहाण पडलेले असत. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या अहवालाने युद्धापूर्वीच या स्थितीवर प्रकाश टाकला होता. अहवाल झाला, वेठ चालूच राहिली.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही, रोख मजुरीवाचून मालकाच्या शेतावर जावयाचे नाही, असे ठरले. गोदावरीबाई आणि त्यांचे सहकारी पाड्यापाड्यांतून पायी हिंडले आणि लग्नगडी मालकांची घरे सोडून बाहेर पडले. लढ्याची खरी कसोटी पुढे गवताच्या हंगामात लागली. मुंबईच्या तबेल्यांना पुरविले जाणारे गवत वेळेवर कापले नाही तर वाळून मातीमोल होते. म्हणूनच त्या थोड्या आठवड्यांत मजुराच्या नकाराला किंमत येते. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये, ही मागणी याच जाणिवेतून आली. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे, गोदावरीबाईंच्या नावाने पसरलेल्या खोट्या निरोपावरून जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पाच आदिवासी ठार झाले आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढण्यात आले. नेते हद्दपार झाले, तरी संप मोडला नाही.

पुढचे आयुष्य याच कामाचा विस्तार होता. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामरावांचे स्थानबद्धतेतच निधन झाले. या लढ्याची हकीकत सांगणारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा बोध केवळ शौर्याचा नाही. १९५० च्या राज्यघटनेने वेठीस मनाई केली, १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदाही आला. तरीही १९८० नंतर खुद्द वसई तालुक्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडविण्यासाठी लढावे लागले. ज्या गावी संघटना पोहोचली नव्हती, तेथे कायदाही पोहोचला नव्हता, असाच याचा अर्थ. आज पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि वसई-विरार महानगर झाले आहे. त्याच्या इमारतींना लागणारी वीट थापण्यासाठी मात्र आदिवासी कुटुंबे अजूनही पावसाळ्यात बयाणा घेतात आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जातात. हंगाम संपल्यावर हिशेब कोण करतो, तो मजुराला वाचता येतो काय, आणि देणे उरले तर पुढील वर्षी त्याला दुसरीकडे जाता येते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक भट्टीवर विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे समाधानकारक येईपर्यंत झरीच्या परिषदेचे काम पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.