नाणेघाटातली नागनिका

कल्याण हे बंदर होतं, असं आजच्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील. कल्याण म्हणजे लोकलची गर्दी, भाजी मार्केट आणि मुरबाडला जाणाऱ्या एसटीची रांग! समुद्र कुठे आणि कल्याण कुठे! पण मैत्रिणींनो, दोन हजार वर्षांपूर्वी उल्हास नदीच्या खाडीतून गलबतं थेट कल्याणला लागायची. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्यात कल्याणचं नाव आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यातही कल्याणचे व्यापारी आहेत. म्हणजे आपलं कल्याण तेव्हा चांगलं नावाजलेलं होतं.

आता बंदरावर उतरलेला माल घाटावर कसा जायचा? तो जायचा आपल्या दारावरून. कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे आणि मग सरळ वर नाणेघाट. पुढे जुन्नर आणि तिथून पार गोदावरीकाठचं पैठण. पैठण ही सातवाहन राजांची राजधानी. आमच्या शहापूरच्या बाजूने दुसरी वाट कसाऱ्याच्या थळ घाटाने नाशिकला जायची. मी माहेरची मुरबाडची, सासर शहापूरचं. सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्याने माझं आयुष्यभर येणंजाणं चाललंय. त्यामुळे या दोन्ही वाटा मला आपल्याच वाटतात. आणि नाणेघाटाच्या वाटेवर जी बाई दोन हजार वर्षांपासून नाव लावून बसलीय, ती तर घरचीच वाटते. तिचं नाव नागनिका. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

नागनिका ही सातवाहनांची राणी. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला एखाद-दुसरी ओळ मिळते. पण तिने स्वतः कोरून घेतलेलं पान मात्र चांगलं ऐसपैस आहे! नाणेघाट चढून वर पोचता पोचता कातळात खोदलेली एक लेणी लागते. आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे, भाषा प्राकृत. म्हणजे आपल्या मराठीची पणजीच म्हणा ना. १८२८ च्या सुमाराला साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे जगाचं लक्ष वेधलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो वाचला. पाण्यापावसाने बरीच अक्षरं झिजली होती. राहिलेल्या अक्षरांतून, नात्यांच्या खुणांवरून, बहुतेक अभ्यासकांनी ठरवलं की ही कहाणी नागनिकेची आहे.

तिचं माहेर मोठं तालेवार. वडील महारठी होते. महारठी म्हणजे त्या काळातले बडे सरदार, आपापल्या मुलखाचे धनीच. वडिलांचं नाव त्रणकयिर असं वाचलं जातं. सातवाहनांचं राज्य तेव्हा नव्याने उभं राहत होतं. सिमुक हा त्या घराण्याचा पहिला राजा. त्याच्याच घराण्यातला सातकर्णी हा नागनिकेचा नवरा. नवं राज्य टिकवायचं तर जुन्या मातब्बर घराण्यांशी सोयरीक हवीच. आपल्याकडे अजून पाहुणे बघताना घराणं बघतात ना, तसंच. महारठ्याची मुलगी सातवाहनांच्या घरात आली आणि दोन्ही घरांची ताकद एक झाली.

सातकर्णीने राज्य वाढवलं. त्याची खूण म्हणून मोठमोठे यज्ञ केले. दोन अश्वमेध आणि एक राजसूय, असं लेखात सांगितलंय. अश्वमेध म्हणजे घोडा सोडायचा, तो जाईल तिथवर आपली सत्ता, अडवेल त्याच्याशी लढाई. अशा यज्ञात राजाच्या शेजारी राणी बसायलाच हवी. लेखाची सुरुवात देवांना नमस्कार करून होते. इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार दिशांचे चार लोकपाल. आणि मग येतो तो दानाचा हिशोब! एका यज्ञात १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसऱ्यात ११,००० गाई आणि १,००० घोडे. कुठे २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. बघायला आलेल्यांना आणि राबणाऱ्या चाकरमाणसांना ६,००१ कार्षापण वेगळे. म्हशाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो तो आपण पाहिलाय, त्यावरून ११,००० गाई म्हणजे काय याचा अंदाज करा! आकडे वाढवून सांगितले असतील असंही कुणी म्हणेल. पण मला त्यातलं चाकरमाणसांना दिलेलं दान विसरता येत नाही. मांडवात राबणाऱ्यांना काय दिलं, हे लक्षात ठेवून लिहून घेणं, ही घर चालवणाऱ्या बाईची नजर वाटते मला.

आणखी एक गंमत सांगते. हे सगळे आकडे तिथे अक्षरांत नाही, अंकांच्या खुणांनी कोरले आहेत. आपण आज १, २, ३ लिहितो, त्या अंकांचे अगदी जुने पूर्वज नाणेघाटाच्या भिंतीवर आहेत. गणिताचा इतिहास लिहिणारे देशोदेशीचे विद्वान मुरबाडच्या घाटाचं नाव घेतात ते याचसाठी. बचत गटाच्या वहीत आपण रक्कम मांडतो ना, त्या मांडणीची मूळ पाटी इथे आहे, असं समजा.

पण सगळं सुखाचं चाललं असतं तर हा लेख कदाचित कोरलाही गेला नसता. सातकर्णी गेला. मागे नागनिका आणि तिचे मुलगे. मोठा वेदिश्री. मुलगा लहान असताना राज्याचा कारभार तिने सांभाळला, असं मानलं जातं. आपल्यातल्या ज्या बायांवर अशी वेळ आलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरचा कर्ता गेला की दहाव्या-तेराव्यालाच भाऊबंद हिशोब घेऊन बसतात. इथे तर अख्खं राज्य होतं. नवं घराणं, गादीवर लहान पोर, आजूबाजूला टपलेले सरदार. अशा वेळी तिने काय केलं? ज्या वाटेने राज्याचा पैसा यायचा, नेमक्या त्याच वाटेवर हे सगळं कोरून ठेवलं.

जरा विचार करा, हा लेख पैठणच्या राजवाड्यात नाही. एखाद्या मोठ्या देवळातही नाही. तो आहे घाटमाथ्यावर, जिथे कल्याणहून वर चढणारा आणि जुन्नरहून खाली उतरणारा प्रत्येक तांडा दम घ्यायला थांबणार. जवळच दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. देशोदेशीचे व्यापारी, बैलवाले, हमाल, सगळ्यांच्या नजरेसमोर तिने लिहून ठेवलं की हे राज्य कुणाचं, हा मुलगा कुणाचा आणि मी कोण. वाचता न येणाऱ्यांसाठी तिथे पुतळेही होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार. आज ते पुतळे उरले नाहीत, फक्त पायांच्या खुणा आहेत. पण वरची नावं अजून वाचता येतात. राणीचं नाव तिथे राजाच्या नावाबरोबर आहे. आणि त्याच रांगेत एक नाव आहे महारठी त्रणकयिराचं. म्हणजे तिच्या वडिलांचं!

हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं. सासरच्या राजघराण्याच्या रांगेत तिने आपलं माहेर उभं केलं. आमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव आज घरात कुणालाच सांगता येत नाही. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, ते शेवटपर्यंत चाललं. जुनं नाव तिच्याबरोबरच गेलं. जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची ही बाई, तिचं नाव गेलं. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव, बापाचं नाव, मुलाचं नाव सगळं जागेवर! चांदीच्या एका नाण्यावरही सातकर्णीच्या जोडीने नागनिकेचं नाव मिळालं आहे. फरक एवढाच, की तिने ते कातळावर आणि नाण्यावर घातलं होतं.

लेखात तिच्या स्वतःविषयीही थोडं आहे. नवऱ्यामागे तिने व्रतस्थ आयुष्य काढलं, महिना महिना उपास केले, घरात राहूनच तपस्विनीसारखी राहिली, असं त्यात म्हटलंय. वाचून थोडं वाईटही वाटतं. इतकी कर्तबगार राणी, पण तिलाही आपलं चांगलेपण उपासतापासानेच सिद्ध करावं लागलं. तिला देवी करून टाकायचं नाही मला. ती तिच्या काळातलीच बाई होती. दान मिळालं ते मुख्यतः यज्ञ करणाऱ्यांना, आणि घाटात ओझी वाहणाऱ्या बाया तेव्हाही असतीलच, त्यांची नावं कुणी कोरली नाहीत. पण जे हातात होतं, ते तिने पक्कं करून ठेवलं.

तिच्यामागे सातवाहनांच्या घरात एक गोष्ट दिसते. सुमारे दोनशे वर्षांनी त्या घराण्यात जो सगळ्यात पराक्रमी राजा झाला, तो स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवायचा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आधी आईचं नाव, मग स्वतःचं! त्या गौतमी बलश्रीने म्हातारपणी नाशिकच्या लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो तिथे, मुलाच्या पराक्रमाचा लेख कोरून घेतला आणि ते लेणं भिक्खूंना दान दिलं. म्हणजे बघा, मुरबाडच्या घाटवाटेवर एक राणी आणि शहापूरहून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला दुसरी. आपण मधल्या बाया मात्र दोघींनाही विसरलो.

आपल्या सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. हे काय नवीन खूळ! खूळ नाही हो, ही आपल्याच मातीतली जुनी रीत.

आणि कातळावर नाव कोरणं आपल्याला जमणार नाही, पण सातबाऱ्यावर लावणं जमेल ना? महाराष्ट्रात १९९४ सालापासून आणि पुढे २००५ च्या दुरुस्तीने सगळ्या देशात, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तरी आपल्याकडे काय होतं? मुंबई जवळ आली, रस्ते रुंद झाले, शहापूर-मुरबाडच्या जमिनींना भाव आला. मग बहिणीला गोड बोलून माहेरी बोलावतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा नाहीतर सही. माझ्या नात्यातल्याच एकीने भाऊबीजेला अशी सही केली. कागद वाचायलाही मिळाला नाही तिला. माहेर तुटेल या भीतीने ती गप्प बसली. सही द्यायची की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. भावावर माया असेल तर जरूर द्यावी. पण वाचून द्यावी, समजून द्यावी. आणि नवऱ्याच्या सातबाऱ्यावर, घरपट्टीवर आपलं नाव आहे का, हे एकदा तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत जाऊन डोळ्यांनी बघून यावं.

पावसाळा सरला की नाणेघाट चढायला सोपा असतो. वैशाखऱ्याच्या बाजूने दोन-अडीच तासांची चढण आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं पाठीला पिशव्या लावून जातात, फोटो काढतात. आपण तर पायथ्याच्या. महिला मंडळाची सहल काढायची तर यंदा लांबचं देवस्थान राहू द्या, भाकऱ्या बांधून घ्या आणि नागनिकेला भेटून या. अक्षरं आपल्याला वाचता येणार नाहीत. पण लेकीला सोबत न्या, आणि त्या भिंतीपुढे उभं राहून तिला तिच्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव सांगा. आठवत नसेल, तर निघण्याआधी कुणा जुन्या बाईला विचारून घ्या. अजून सांगणाऱ्या काही जणी आहेत, तोवरच.