संगीतसूर्य केशवराव भोसले

चैत्राच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, व जुन्नर-आंबेगावची गावकरी मंडळी यात्रेची सुपारी देण्यास तेथे जातात. यात्रेच्या रात्री बागायतदार व मजूर एकाच मैदानात बसून खेळ पाहतात. गावास असे एकत्र बसविण्याचे कार्य कोल्हापुरात एका नाट्यगृहाने शंभराहून अधिक वर्षे केले. ज्यांचे नाव त्यास दिले आहे, त्या नटश्रेष्ठाचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस थोडक्यात निवेदन करितो.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरी झाला. पितृछत्र बाल्यातच हरपले व घरी दारिद्र्य आले. त्यामुळे स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी हीच त्यांची शाळा झाली. देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने हा बालनट सर्वतोमुखी झाला. पुढे 1 जानेवारी 1908 रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापिली. वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हे नाटक करून त्यांनी हुंड्याच्या दुष्ट चालीवर प्रहार केला.

त्या काळी केशवराव व बालगंधर्व यांच्या मंडळ्यांत मोठी चुरस असे. तथापि टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 8 जुलै 1921 रोजी मुंबईत उभयतांनी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. प्रतिस्पर्ध्याशेजारी उभे राहण्यास मनाचा मोठेपणा लागतो. दुर्दैव असे की, तीनच महिन्यांनी, 4 ऑक्टोबर रोजी, विषमज्वराने या गुणी नटाचे देहावसान झाले. वय अवघे एकतीस!

शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेल्या पॅलेस थिएटरास 1957 साली केशवरावांचे नाव देण्यात आले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीने त्याचा रंगमंच व छप्पर भस्मसात केले. नटांच्या व रसिकांच्या डोळ्यांस पाणी आले. वास्तू पूर्ववत व्हावी अशी एकमुखी मागणी झाली, व पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

दगड व लाकूड पैशाने मिळेल. परंतु मानापमान विसरून शेजारी बसण्याची वृत्ती बाजारात मिळत नाही. ती केशवरावांपाशी होती. विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या संमेलनात असो वा गावच्या यात्रेत, आपल्या शेजारी कोणासही आदराने जागा द्या, एवढेच आमचे सांगणे आहे.