वजडीवर आठ कडवी लिहिली आणि गरिबाचं खाणं स्कॉटलंडची शान झालं : रॉबर्ट बर्न्सची गोष्ट

रविवारी सकाळी पारशिवनीतल्या कुठल्याही मटणाच्या दुकानापुढे जा. आधी येणारे मांडी, सीना, चाप उचलतात. मागून येणाऱ्याच्या वाट्याला वजडी, फुफ्फुस, मुंडी आणि खूर. ज्याला साफ कसं करायचं ते माहीत आहे आणि ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत, तो हे घेऊन जातो आणि घरी असं काही शिजवतो की शेजारच्यांनी वाटी घेऊन यावं.

आता हेच सामान स्कॉटलंडला न्या. मेंढीचं काळीज, कलेजी आणि फुफ्फुस उकडून बारीक चिरायचं. त्यात भाजलेलं ओटचं जाडसर पीठ, चरबी, कांदा, मीठ आणि मिरी घालायची. हे सगळं मेंढीच्याच धुतलेल्या वजडीत भरायचं, तोंड शिवायचं आणि पाण्यात दोनतीन तास शिजवायचं. याचं नाव हॅगिस.

दरवर्षी २५ जानेवारीला हा गोळा थाळीत ठेवून मिरवत आणतात. पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे स्वयंपाकी. लोक उठून उभे राहतात. मग एकजण त्या हॅगिसकडे बघून कविता म्हणतो, ठरलेल्या ओळीला सुरी खुपसतो आणि व्हिस्कीचे पेले उंचावतात. सोबतीला कुस्करलेला सलगम आणि बटाटा. ती कविता ज्याची आणि २५ जानेवारी हा वाढदिवस ज्याचा, तो माणूस म्हणजे रॉबर्ट बर्न्स, स्कॉटलंडचा राष्ट्रकवी.

गंमत अशी की या माणसाच्या लहानपणी घरात मटण दिसायची मारामार होती.

बर्न्सचा जन्म १७५९ चा, एअरशर भागातल्या अ‍ॅलोवे गावचा. बाप विल्यम हा माळीकाम करणारा. राहतं मातीचं घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं. पोरगं झालं आणि काही दिवसांतच वादळात घराची एक भिंत पडली, तेव्हा बाळंतिणीला आणि बाळाला शेजाऱ्याकडे हलवावं लागलं.

१७६६ मध्ये बापानं माउंट ऑलिफंट नावाची शेती खंडानं घेतली. जमीन हलकी, खंड भारी. पुढचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. गडी ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून घरचीच पोरं कामाला जुंपली. तेराव्या वर्षी रॉबर्ट धान्य झोडपत होता आणि पंधराव्या वर्षी तोच शेतावरचा मुख्य मजूर होता. धाकटा भाऊ गिल्बर्ट यानं नंतर लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं खाटकाकडचं मांस त्यांच्या घरात आलंच नाही. त्या वयातल्या कष्टांनी रॉबर्टचं हृदय कायमचं दुखावलं, असं त्याचे बहुतेक चरित्रकार मानतात.

मग ही माणसं खायची काय? ओट. सकाळी ओटची लापशी, दुपारी ओटची तव्यावर भाजलेली जाड भाकरी, जोडीला कोबीवर्गातल्या पाल्याचं कालवण, गाय असेल तर दूध आणि चीज. आपल्याकडे ज्वारीनं जे काम केलं तेच तिकडे ओटनं केलं. थंड, ओल्या, हलक्या जमिनीत गहू नीट येत नाही, ओट येतो.

यावरून टिंगलही व्हायची. लंडनच्या सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या गाजलेल्या शब्दकोशात ओटचा अर्थ देताना, इंग्लंडमध्ये हे धान्य घोडे खातात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं, अशा आशयाचा टोमणा मारून ठेवला होता. बर्न्स जन्मला त्याच्या चारच वर्षं आधी.

खंडाच्या भांडणात कोर्टकचेरी करून बाप १७८४ मध्ये खचून गेला. रॉबर्ट आणि गिल्बर्टनं मॉसगिलची शेती धरली, तीही तोट्यात. मधल्या काळात जीन आर्मर नावाच्या मुलीवर प्रेम जडलं, तिला दिवस गेले, तिच्या बापानं या कंगाल शेतकऱ्याला जावई करायला साफ नकार दिला. (प्रेमप्रकरणं एवढ्यावर थांबली नाहीत. पुढे जीनशी लग्न झालं, तरीही थांबली नाहीत.) वैतागून त्यानं जमैकाला जायचं ठरवलं. काम होतं गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या मळ्यात हिशेब लिहायचं. माणसाच्या समतेची गाणी लिहिणाऱ्या कवीनं अशी नोकरी पत्करली होती, हे त्याच्या चाहत्यांना आजही खुपतं आणि खुपायलाच हवं.

तो गेला नाही, कारण ३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक गावात त्याचं पहिलं पुस्तक छापून आलं. प्रती ६१२, किंमत ३ शिलिंग. महिन्याभरात बहुतेक संपल्या. पुस्तकाची भाषा शेतात बोलायची, म्हणजे स्कॉट्स. त्यातल्या एका कवितेत शेतमजुराच्या घरचं शनिवारचं जेवण आलंय: लापशी, एकुलत्या गाईचं दूध आणि पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं चीज.

नोव्हेंबरात तो उसन्या घेतलेल्या तट्टावर बसून एडिंबरा शहरात पोचला. नांगर धरणारा कवी म्हणून बड्या घरांतून जेवणाची आमंत्रणं सुरू झाली. त्या वेळी श्रीमंतांच्या टेबलावर फ्रेंच पदार्थांचा तोरा होता. आणि याच शहरात, डिसेंबर १७८६ मध्ये, त्यानं वर्तमानपत्रात कविता छापली ती हॅगिसवर.

आठ कडव्यांची कविता. सूर अर्धा थट्टेचा, अर्धा खराखुरा. सगळ्या भरलेल्या पदार्थांचा हा सरदार, असं कौतुक करून तो फ्रेंच रस्से खाणाऱ्यांकडे वळतो. ते खाऊन माणूस वाळक्या काडीसारखा होतो आणि हॅगिसवर पोसलेला गडी चालला की जमीन हादरते, असा त्याचा एकूण दावा. ज्या टेबलांवर त्याला बोलावलं जात होतं, त्याच टेबलांना हा चिमटा होता. तरी लोकांनी तो आवडीनं वाचला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हॅगिस फक्त स्कॉटलंडचा नव्हता. त्याच्या पाककृती पंधराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये लिहिलेल्या सापडतात. कापलेल्या जनावराचं काळीज, फुफ्फुस लवकर खराब होतं, ते त्याच दिवशी संपवायचं तर वजडीत भरून शिजवणं ही सोपी युक्ती. ती अनेकांना सुचली. पण इंग्लंडच्या टेबलावरून हॅगिस उतरला आणि स्कॉटलंडमध्ये त्याला कवी मिळाला.

आपल्याकडे नागपूरच्या सावजीच्या पाटीवर खूर, मुंडी, सुंदरी मानानं लिहिलेली असते. पण खाणाऱ्याची जात आणि ऐपत बघून ताटाची लायकी ठरवणं आपण सोडलेलं नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांवरचं पुस्तक वाचलं की कुठली ताटं पाकपुस्तकांच्या बाहेर ठेवली गेली ते कळतं. बर्न्सनं नेमकं तसलं ताट छापील पानावर आणलं.

जाता जाता एक नागपुरी धागा. मे १७८७ मध्ये बर्न्स फिरतीवर असताना डन्स गावाजवळ मित्राच्या घरी मुक्कामाला होता. तीस वर्षांनी त्याच डन्समध्ये स्टीफन हिस्लॉप जन्मला. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावानं आहे तो हाच.

एडिंबराची हवा फार टिकली नाही. १७८८ मध्ये एलिसलँडची शेती, तीही नापीक. १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरी, आठवड्याला २०० मैलांची घोड्यावरची रपेट. याच काळात तो जुनी लोकगीतं गोळा करत होता, दुरुस्त करत होता, त्याचे पैसे घ्यायला नकार देत होता. ‘ऑल्ड लँग साइन’ हे गाणं त्याच कामातलं. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट ‘अंतिम पग’ ओलांडतात तेव्हा वाजते ती याच गाण्याची धून.

१७९१ मध्ये शेती सोडून तो डमफ्रीजला राहायला गेला. तिथे शेवट वाईट झाला. १७९५ चं पीक गेलं. १७९६ च्या जानेवारीत त्यानं एका स्नेही बाईंना पत्रात कळवलं की कित्येक दिवस आपल्या आणि शेकडो घरांत ओटचं पीठ नाही, पैसे देऊनही मिळत नाही. मार्चमध्ये डमफ्रीजमध्ये धान्यासाठी दंगल झाली.

जुलैत तो समुद्रकाठच्या थंड पाण्यात डॉक्टरांच्या सल्ल्यानं उभा राहत होता. दुखणं हृदयाचं. एका कापडवाल्यानं थकबाकीपोटी तुरुंगाची धमकी दिली, तेव्हा त्यानं चुलतभावाकडे १० पौंड आणि गाणी छापणाऱ्याकडे ५ पौंड मागितले. २१ जुलै १७९६ रोजी तो गेला. वय ३७. २५ तारखेला मिरवणुकीनं अंत्यविधी झाला, आणि त्याच दिवशी जीन बाळंत होऊन मुलगा झाला.

पाच वर्षांनी, २१ जुलै १८०१ रोजी, नऊ माणसं अ‍ॅलोवेच्या त्या मातीच्या घरात जमली. तोवर तिथे दारूचं दुकान झालं होतं. त्यांनी हॅगिस आणि मेंढीची मुंडी शिजवली, ती आठ कडवी म्हटली आणि जेवले. पुढच्या वर्षी ग्रीनॉकच्या मंडळानं वाढदिवस समजून २९ जानेवारीला पंगत घातली. मग १८०३ मध्ये कुणीतरी चर्चची जुनी नोंदवही उघडून पाहिली, तेव्हा खरी तारीख २५ निघाली.