मार सोसून पुढे गेलेला ह्यूई जेनिंग्ज

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. घरसंसार करणाऱ्या बाईला त्याचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या मुलाने ह्यूई जेनिंग्जची हकीकत वाचून दाखवली, तेव्हापासून ती तुम्हांला सांगावी असे फार वाटत होते.

ह्यूईचा जन्म १८६९ साली पेनसिल्व्हेनियातील पिट्स्टन गावचा. बाप कोळशाच्या खाणीत. पोरही लहानपणीच कामाला लागले. आपण तांदळातले खडे वेचतो, तशी ही मुले दिवसभर वाहत्या कोळशातले दगड वेचीत. खेळाने त्याला त्यातून बाहेर काढले.

बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघात तो शॉर्टस्टॉप झाला, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. संघ मोठा भांडखोर. पंचांशी हुज्जत तर रोजचीच. पण १८९४ पासून लागोपाठ तीन वर्षे त्यांनी अजिंक्यपद मिळवले. या खेळात चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. ह्यूई चेंडू आला तरी हलतच नसे! १८९६ साली त्याने असे ५१ चेंडू अंगावर घेतले आणि सबंध कारकिर्दीत २८७. हा उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही. डोक्यावर टोपी कापडाचीच. १८९७ साली अमोस रूसीच्या वेगवान चेंडूने त्याच्या डोक्याला जबर दुखापत झाली. एका बेससाठी डोके फोडून घेणे मला काही पटत नाही. पण कोळसा निवडून वाढलेल्या पोराला पदरात पडणारे सोडवत नसावे.

मला खरे कौतुक वाटते ते त्याच्या शिक्षणाचे. कॉलेजच्या मुलांना खेळ शिकवायचा आणि त्या बदल्यात स्वतः शिकायचे, असे करीत तो कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकला व १९०५ साली वकील झाला. तिथेच एकदा अंधारात पोहायच्या हौदात सूर मारला, तर हौद कोरडा! पुन्हा डोकेच.

१९०७ ते १९२० तो डेट्रॉइट संघाचा व्यवस्थापक होता. पहिली तिन्ही वर्षे संघ आपल्या लीगमध्ये पहिला आला, पण शेवटची मालिका तिन्ही वेळा हरला. तिसऱ्या बेसपाशी उभा राहून गवत उपटीत तो चमत्कारिक आरोळ्या ठोके, त्या ऐकायलाच लोक जमत. हिवाळ्यात मात्र स्क्रँटनला काळा कोट घालून वकिली.

१ फेब्रुवारी १९२८ रोजी स्क्रँटनलाच तो वारला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या दालनात त्याचे नाव लागले ते १९४५ साली.