फ्रेडरिक डग्लस
थोरांचीं भाषणें पाठ करून म्हणण्याचा आम्हां विद्यार्थ्यांचा परिपाठ आहे. अशाच भाषणांनीं एका गुलाम मुलाचें भाग्य कसें पालटलें, तें येथें सांगावें असें आम्हांस वाटतें.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म १८१८ सालीं अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत दास्यांतच झाला. धनिणीनें अक्षरओळख करून दिली. पण धन्यानें तें शिक्षण बंद पाडलें. तेव्हां मुलानें गोऱ्या सवंगड्यांकडून वाचन साधलें, आणि बूट पुसून मिळविलेल्या पन्नास सेंटांत नामांकित भाषणांचें एक पुस्तक घेतलें. तें वाचतां वाचतां त्यास स्वातंत्र्याची ओढ लागली. १८३८ सालीं ते निसटले. १८४५ सालीं आत्मचरित्रांत त्यांनीं धन्याचें नांव निर्भयपणें छापलें. त्यामुळें पुन्हां पकडले जाण्याचें भय वाढलें, व त्यांस परदेशीं जावें लागलें. पुढच्याच वर्षीं मित्रांनीं पैसे भरून त्यांस मुक्त केलें.

५ जुलै १८५२ रोजीं रोचेस्टर येथें, स्वातंत्र्योत्सवाच्या निमित्तानें, हा उत्सव दासांचा नव्हे असें त्यांनीं श्रोत्यांस तोंडावर बजाविलें. १८६५ सालीं दास्य कायद्यानें नष्ट झालें. त्या प्रयत्नांच्या गौरवार्थ जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केली. डग्लस १८९५ सालीं निवर्तले.

आज जुलै महिन्यांत अमेरिकेंत ठिकठिकाणीं नागरिक तेंच भाषण आळीपाळीनें मोठ्यानें वाचतात. २०२० सालीं त्यांच्या वंशांतील तरुणांनींही तें वाचलें. वाचकहो, पाठांतर केवळ बक्षिसासाठीं नसतें, हें आम्हीं यावरून शिकावें.