नर्स नसलेल्या नॉर्माबाई आणि नर्सिंगची एक नवी शाखा

बेळगाव : पोटावर पिशवी लावलेली माणसं आपल्या गल्लीतही असतात. ती कुणाला सांगत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मावशीला आतड्याच्या ऑपरेशननंतर अशी पिशवी लावून घरी सोडलं. कागद भरपूर दिले, बिलांचा तर गठ्ठाच होता. पण पिशवी किती भरल्यावर रिकामी करायची, कातडी सोलवटली तर काय करायचं, हे सांगायला कोणी नव्हतं. चार महिने मावशी कुणाच्या लग्नकार्याला गेली नाही. पुढे तपासणीसाठी मुंबईला नेलं, तेव्हा तिथल्या एका नर्सनं अर्ध्या तासात सगळं हाताला धरून शिकवलं. एवढ्याच कामासाठी हॉस्पिटलात वेगळं माणूस असावं, ही कल्पना कुणाची? ते शोधत गेलो तेव्हा नॉर्मा गिल हे नाव सापडलं. या क्षेत्रातल्या जगभरच्या नर्सना ते माहीत आहे, आपल्याकडे बाहेर फारसं कुणाला नाही.

नॉर्माबाईंचा जन्म १९२० चा. राहायला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात, म्हणजे टायरांच्या कारखान्यांच्या गावात. संसार, तीन मुलं. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस जडला. यात मोठ्या आतड्याला आतून व्रण होतात, रक्ताचे जुलाब थांबत नाहीत. दुखणं वर्षानुवर्षं चाललं. पायांवर, चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या. शेवटी १९५४ मध्ये जवळच्या क्लीव्हलँड शहरात, क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून जोडलं. याला इलिओस्टोमी म्हणतात. वयाच्या चौतिसाव्या वर्षी बाई जगल्या, पण पिशवीसकट.

त्या काळी जगणं म्हणजे काय, ते जरा समजून घ्या. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो, दिवसभर येत राहतो आणि त्यात पाचक रस असतात. ते रस भाकरी पचवतात तशी कातडीही खातात. आतड्याचं टोक नुसतं कातडीला टेकवून ठेवलं की ते सुजायचं, भोवतीची जागा लालभडक व्हायची. इंग्लंडच्या ब्रायन ब्रुक या सर्जननी १९५२ मध्ये आतड्याचं टोक सदऱ्याची बाही दुमडावी तसं उलटवून शिवायची पद्धत मांडली. त्यामुळे मल कातडीपासून दूर पडू लागला. टर्नबुलही त्याच दिशेनं काम करत होते. ऑपरेशन सुधारलं, पण वरची पिशवी जड रबराचीच. वास यायचा, ती निसटायची. बाई-माणसानं तर घराबाहेर पडायचंच सोडलेलं.

इथं आपल्या मातीचा एक संबंध येतो. कराया नावाचा डिंक तेव्हा कवळी हिरडीला घट्ट बसावी म्हणून पावडरीच्या रूपात वापरायचे. ही पावडर ओल धरून ठेवते हे टर्नबुल यांच्या लक्षात आलं, तेही म्हणे अपघातानंच. त्यांनी ती स्टोमाभोवतीच्या कातडीला लावून बघितली आणि सोललेली कातडी भरून येऊ लागली. हा डिंक कांडोळ झाडाचा. पांढऱ्या सालीचं, उन्हाळ्यात पानं गळून रात्री भुतासारखं दिसणारं झाड. काही ठिकाणी त्याला भुत्याच म्हणतात. तेलंगण, आंध्र, मध्य प्रदेश, महाराष्ट्राच्या जंगलात आदिवासी खोडाला खाच पाडून तो गोळा करतात. परदेशात तो मुख्यतः भारतातूनच जात आला. डिंक काढणाऱ्याला तो कुणाच्या पोटाला लागतोय याची कल्पना कुठून असणार? आता त्याची जागा बरीचशी कृत्रिम चकत्यांनी घेतली आहे.

बऱ्या झाल्यावर नॉर्माबाई ॲक्रनमध्ये असेच ऑपरेशन झालेल्या लोकांकडे जाऊ लागल्या. कुणी नेमलं नव्हतं. घरातही अनुभव होताच, आजीच्या पोटावर स्टोमा होता आणि पुढे मुलीलाही लघवीसाठी तसाच मार्ग करावा लागला. त्यांचं काम टर्नबुल यांनी पाहिलं आणि १९५८ मध्ये त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कामावर घेतलं. पदवी नाही, नर्सिंगचं शिक्षण नाही. तेव्हाच्या मोठ्या हॉस्पिटलात हे सोपं नव्हतं. १९६१ मध्ये तिथंच शिकवण्याचा वर्ग सुरू झाला आणि टर्नबुल यांनी या कामाला नाव दिलं, एन्टेरोस्टोमल थेरपी.

शिकवायचं काय? स्टोमा पोटावर नेमका कुठं काढायचा, हे ऑपरेशनच्या आधी ठरवायचं. त्यासाठी पेशंटला नुसतं झोपवून चालत नाही. बसवायचं, उभं करायचं, वाकायला लावायचं, घडी कुठं पडते ते बघायचं आणि मग शाईनं खूण करायची. पेशंटला ती जागा स्वतःला दिसली पाहिजे. आपल्याकडे परकराची नाडी कुठं येते तेही बघावं लागतं, मावशीच्या बाबतीत कुणी बघितलं नाही. पिशवीचं भोक स्टोमाच्या मापाचंच कापायचं, फार मोठं नको. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. शिवाय नवरा-बायकोचे प्रश्न, जे पेशंट डॉक्टरला विचारत नाही. पिशवी लावूनही नीटनेटकी कामावर आलेली बाई समोर उभी असल्यावर पेशंटचं तोंड उघडणारच.

त्याच १९५४ साली तिकडे डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन या नर्सला, बहीण थोरा पिशवी गळेल म्हणून घराबाहेर पडत नाही हे बघवेना. कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून द्यायच्या पिशवीची कल्पना तिची. पुढे ओगे लुई-हान्सेन या प्लास्टिकवाल्या इंजिनिअरनं ती बनवली, तीही त्याची बायको स्वतः नर्स होती आणि मागे लागली म्हणून. कोलोप्लास्ट ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. मी कॉमर्सचा, त्यामुळे बाजार कसा उभा राहतो ते जरा जास्त दिसतं.

१९६८ मध्ये या थेरपिस्टांची अमेरिकेत संघटना झाली. सुरुवातीला शिकायला येणाऱ्यांत स्वतः पिशवी लावलेले, नर्स नसलेले पुष्कळ होते. सत्तरच्या दशकात नियम आला की यापुढे फक्त नोंदणीकृत नर्सनाच प्रवेश. म्हणजे खुद्द नॉर्माबाई नव्यानं अर्ज करत्या तर त्यांना दार बंद होतं! नियम चुकीचा होता असं मला वाटत नाही. उघडी जखम, औषधं, जंतुसंसर्ग हे शिकलेल्या हातातच हवं. हॉस्पिटलांनी पगाराची जागा दिली तीही नर्स म्हणूनच. पण ज्याच्यावर बेतलंय त्यानं शिकवायचं, ही मूळ गोष्ट तिथं पातळ झाली, एवढं म्हणावंच लागेल. पुढे याच शाखेत जखमांची आणि लघवी-शौचावरचा ताबा गेलेल्यांची देखभालही आली. मधुमेहाच्या पायाची जखम किंवा अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीचा व्रण बघणारी खास नर्स याच शाखेतली.

१९७८ मध्ये इटलीत मिलानला या कामाची जागतिक परिषद स्थापन झाली आणि पहिल्या अध्यक्ष नॉर्माबाई झाल्या. त्यांच्या नावाचा निधी आहे, त्यातून गरीब देशांतल्या नर्सना या प्रशिक्षणासाठी मदत मिळते. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आपल्याकडे मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे आणि टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक चालतं. मावशी परवा खानापूरला लग्नाला गेली. एसटीनं, जादा पिशवी पर्समध्ये टाकून.