लॅचचा बाप : लायनस येल

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात संतमंडळी आणि समाजसुधारक येऊन गेले. पण मी लिहितोय एका कुलूपवाल्यावर. त्याला कारण गेल्या पावसाळ्यातला प्रसंग.

सौ. माहेरी गेली होती. गॅसवर दूध ठेवून मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेलो आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, दूध आत, मी लुंगीवर बाहेर! वॉचमनने स्टेशनजवळच्या चावीवाल्या पोराला आणलं. त्याने दोन बारीक तारा लॅचमध्ये घातल्या आणि तीन मिनिटांच्या आत दार उघडलं. साधा ओरखडासुद्धा नाही. दोनशे रुपये घेऊन तो गेला. दूध आटलं होतं, पण वाचलं. रात्री मात्र मला झोप लागेना. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळण्यात. आणि स्वतःच्या घराला तीन मिनिटांचं कुलूप!

आपल्या दाराला असतो त्या लॅचची चपटी, दातेरी किल्ली या लायनस येलची देणगी. जन्म 1821, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडिलांचंही नाव लायनसच, आणि ते बँकांसाठी कुलपं बनवत. मुलाला मात्र चित्रकलेची ओढ. तरुणपणी तो लोकांची व्यक्तिचित्रं रंगवायचा. शेवटी तोही वडिलांच्या धंद्यात आला, तो काळ कुलूपवाल्यांसाठी मोठा धामधुमीचा होता.

1851 साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे अमेरिकेचा हॉब्ज नावाचा माणूस आपल्या कंपनीचं कुलूप दाखवायला आला, आणि इंग्रजांचीच कुलपं उघडत सुटला. चब कंपनीचं नामांकित कुलूप त्याने पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामा यांच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप वर्षानुवर्षं ठेवलेलं होतं. उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. तेही त्याने उघडलं, सोळा दिवसांत मिळून पन्नासेक तास खपून. इंग्लंडात हलकल्लोळ झाला. आणि गंमत बघा, ज्या कंपनीचं कुलूप घेऊन हा हॉब्ज मिरवत होता, तेच कुलूप पुढच्या काही वर्षांत आपल्या येलने उघडून दाखवलं!

इथे मला हा माणूस आवडायला लागतो. दुसऱ्याचं कुलूप उघडल्यावर आपलं अभेद्य आहे, अशा भ्रमात तो राहिला नाही. ज्या भोकातून किल्ली जाते त्यातून तारही जाते, हे त्याने ओळखलं. म्हणून बँकांच्या तिजोऱ्यांसाठी तो आकड्यांच्या तबकडीकडे वळला. भोकच नाही, तर तार घालणार कुठे?

घराच्या दाराला मात्र किल्लीच सोयीची. त्यासाठी त्याने 1861 आणि 1865 मध्ये पेटंटं घेतली. कल्पना मुळात फार जुनी, इजिप्तमधल्या लाकडी कुलपांची; वडिलांनीही ती वापरली होती. आत बहुधा पाच पिना असतात, प्रत्येकीचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळे सांधे एका रेषेत येतात आणि आतला गोल भाग फिरतो. येलने हा भाग वेगळ्या नळीत बसवला, त्यामुळे दार कितीही जाड असलं तरी किल्ली खिशात मावेल एवढीच राहिली. त्याआधी लोक वीतभर लोखंड बाळगत.

पण त्यातच मेख आहे. कारखान्यात पाचही पिना केसाइतक्याही फरकाशिवाय बसत नाहीत. त्या किंचित फरकामुळे चावीवाल्याला एकेक पिन वेगळी अडकवता येते. आणि ठोक्याची युक्ती तर त्याहून वाईट : विशिष्ट कापाची किल्ली घालून तिला हलका ठोका दिला की वरचे तुकडे क्षणभर उडतात आणि तेवढ्यात कुलूप फिरतं. कुलपाला काही होत नाही, म्हणून चोरी कशी झाली हेही कळत नाही.

मग दुकानातलं कुलूप घ्यायचं की नाही? मी दुकानदाराकडे तासभर बसून आलो. काही लॅचमध्ये वरच्या पिना मधोमध बारीक असतात; त्या मध्येच अडकून तारवाल्याला फसवतात. लिव्हरच्या कुलपात अशा पिनाच नसतात, त्यामुळे ठोक्याची युक्ती तिथे चालत नाही. तारेने तेही उघडतं, पण त्याला कसब आणि वेळ लागतो. अजिबात न उघडणारं कुलूप दाखवा म्हटलं, तर दुकानदार हसला. आमच्या बँकेतही स्ट्राँगरूम दोघांच्या किल्ल्यांशिवाय उघडत नसे, ते कुलपावरच्या विश्वासामुळे थोडंच!

येल 1868 च्या नाताळच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने गेला. वय अवघं सत्तेचाळीस. हेन्री टाउन या तरुण इंजिनिअरबरोबर स्टॅमफर्डला कारखाना काढायचं ठरून जेमतेम दोनेक महिने झाले होते. पुढे टाउनने तो कारखाना वाढवला आणि येलचं नाव कुलपांवर तसंच ठेवलं.

मी लॅचच्या खाली एक लिव्हरचं कुलूप बसवून घेतलं आहे. एक जादा किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवली आहे. दूध मात्र आता सौ.च तापवते.